लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड लावून कलर ग्रेडिंग करायचंय? पोर्टपासून रिझॉल्व्हच्या सेटिंगपर्यंत सगळं

जेजुरीला दसऱ्याच्या रात्री जो पालखी सोहळा होतो त्याचं फुटेज माझ्याकडे ग्रेडिंगला, म्हणजे रंग आणि उजेड नीट बसवायला, आलं होतं. सोनी एफएक्स३ कॅमेरा, एस-लॉग३ (ग्रेडिंगला वाव राहावा म्हणून मुद्दाम फिकं होणारं रेकॉर्डिंग), आयएसओ १२८००, ४के, १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार). वरून हॅलोजन, खाली भंडारा उधळलेला, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात माणसांचे चेहरे. काम साधंच वाटत होतं, भंडाऱ्याचा पिवळा रंग खुलवायचा आणि चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसू द्यायचे नाहीत. पण त्यासाठी क्वालिफायरने (रंगावरून भाग निवडणारं टूल) चेहऱ्याचा रंग वेगळा काढावा लागतो, या सिलेक्शनलाच की म्हणतात, आणि अंधारातल्या फुटेजला नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, असला की त्या सिलेक्शनच्या कडांवर नुसत्या मुंग्या वळवळतात. म्हणजे आधी नॉइज रिडक्शन, मग की, मग बाकीचं. लॅपटॉपमधल्या ४ जीबीच्या कार्डाने पहिल्याच शॉटला जीपीयू मेमरी फुल म्हणून हात वर केले.

तेव्हापासून मी ईजीपीयूवर काम करते, म्हणजे डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड वेगळ्या डब्यात बसवून थंडरबोल्टच्या वायरने लॅपटॉपला जोडायचं. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते. मी विंडोज आणि दाविंची रिझॉल्व्ह हे ग्रेडिंगचं सॉफ्टवेअर धरून लिहितेय, मॅकवाल्यांसाठी मध्ये एक तुकडा आहे तो आधी वाचा.

खरेदीच्या आधी: अडतंय नक्की कुठे?

ही टेस्ट दहा मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, अगदी कळकळीने सांगतेय. रिझॉल्व्हमध्ये तुमचा सगळ्यात जड शॉट उघडा. प्लेबॅक मेनूत जाऊन रेंडर कॅश (आधीच मोजून साठवलेल्या फ्रेम) बंद करा, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बंद करा, टाइमलाइन प्रॉक्सी रिझोल्यूशनही बंद, म्हणजे खरा भार दिसेल. आता प्ले करा आणि व्ह्यूअरच्या वरच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम चालतायत त्याचा, आकडा येतो तो बघा, शेजारचा ठिपका हिरवा असेल तर रियल टाइम चाललंय, लाल झाला की फ्रेम पडतायत. मग शिफ्ट आणि डी दाबून सगळं ग्रेड बायपास करा आणि परत तोच शॉट चालवा.

बायपास केल्यावर हिरवा आणि ग्रेडसकट लाल, असं असेल तर कार्ड कमी पडतंय आणि ईजीपीयूचा तुम्हाला खरा उपयोग आहे. पण बायपास करूनही अडखळत असेल तर दोष ग्रेडचा नाहीये, एकतर डिस्क हळू आहे नाहीतर कॉम्प्रेस केलेलं फुटेज डीकोड होताना, म्हणजे उलगडताना, प्रोसेसरची दमछाक होतेय, आणि अशा वेळी नवीन कार्ड घेऊन हातात फार काही पडत नाही. एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ फुटेज तर यात पटाईत आहे. ते हार्डवेअरवर डीकोड करायला इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक चालतं, एनव्हिडियाने मात्र ४:२:२ ची सोय थेट आरटीएक्स ५० सिरीजमध्ये दिली. म्हणजे आरटीएक्स ३०९० सारखं दांडगं कार्ड लावलंत तरी ते फुटेज डीकोड करायला त्याचा हात लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक कार्डाला शिव्या देतात.

वायरचं गणित

आख्ख्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

डेस्कटॉपमध्ये कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मशीनमधल्या डेटाच्या रस्त्याच्या, १६ लेनवर बसतं, जुनं ३.० धरलं तरी सेकंदाला जवळपास १६ जीबी. थंडरबोल्ट ३ आणि ४ वर डब्यावर ४० गिगाबिट लिहिलेलं असतं, पण त्यातून कार्डाला पीसीआयई ३.० च्या ४ लेनच मिळतात आणि प्रत्यक्षात हातात येतात साधारण अडीच ते पावणेतीन जीबी. हायवेवरून येऊन एकदम घाटातल्या सिंगल लेनला लागल्यासारखं.

आता फ्रेमचं वजन काढू. ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला १६ बिट धरले तर एक फ्रेम झाली ५० एमबीची. २५ एफपीएसला सेकंदाला सव्वा जीबी. बसतंय आरामात. पण तेच ५० एफपीएस केलं की अडीच जीबी, रस्ता तुडुंब भरला. उलट फुल एचडीची फ्रेम साडेबारा एमबीची, २५ एफपीएसला ३१० एमबी, तिथे वायरची आठवणही येत नाही.

यातून सरळ अर्थ निघतो. एका फ्रेमवर कार्डाला जितकं जास्त राबायचंय तितका ईजीपीयूचा फायदा जास्त, कारण फ्रेम एकदाच पलीकडे जाते आणि मग पाच नोड (ग्रेडमधली एकेक पायरी) असोत की पंचवीस, सगळं कार्डाच्या आतच होतं. टेम्पोरल नॉइज रिडक्शन (आजूबाजूच्या फ्रेमशी तुलना करून नॉइज काढणं), ऑप्टिकल फ्लो, मॅजिक मास्क, ग्रेन, ग्लो, यात डेस्कटॉपमधल्या त्याच कार्डाच्या बरंच जवळ जाता येतं. पण दोन नोडचं हलकं करेक्शन करून शंभर मिनिटांचं फुटेज बाहेर काढायचं असेल तर वेळ फ्रेम ने-आण करण्यातच जातो, तिथे फरक किरकोळ दिसेल. ग्रेडिंगचं काम पहिल्या प्रकारात मोडतं, म्हणूनच मी ईजीपीयूची शिफारस करते.

नवीन लॅपटॉप घेणारच असाल तर थंडरबोल्ट ५ बघा, त्यात पीसीआयई ४.० च्या ४ लेन म्हणजे ६४ गिगाबिट मिळतात. मिनी पीसी आणि काही लॅपटॉपवर ऑक्युलिंक नावाचं पोर्ट येतं, तेही पीसीआयई ४.० चं असेल तर ६४ गिगाबिटच आणि मध्ये थंडरबोल्टची भानगड नसल्यामुळे जास्त सरळ चालतं, फक्त ते मशीन चालू असताना काढा-घाला करायचं नसतं, दर वेळी शटडाऊन.

मॅकवाल्यांनी इथे थांबा

एम१ पासून पुढचा कुठलाही मॅक असेल तर रिझॉल्व्हसाठी ईजीपीयूचा विषय संपला, ॲपलने त्या मशीनवर सपोर्टच दिलेला नाही, डब्बा जोडलात तरी उपयोग नाही. इंटेलचा मॅक असेल तर हाय सिएरा १०.१३.४ पासून, म्हणजे २०१८ पासून चालतं, पण फक्त एएमडीची कार्डं. २०१८ चा मॅक मिनी आणि एएमडीचं कार्ड ही जोडी अजूनही काही जण वापरतात आणि एचडीच्या कामाला ती धडधाकट आहे, पण आज नव्याने त्यात पैसे घालू नका.

काय काय घ्यायचं

आधी पोर्ट. टाइप-सी दिसलं म्हणजे थंडरबोल्ट असेलच असं नाही. पोर्टजवळ विजेची खूण हवी, आणि तरीही मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशन वाचा. थंडरबोल्ट ३ च्या जमान्यातल्या काही लॅपटॉपमध्ये पोर्टला ४ च्या ऐवजी २ च लेन दिलेल्या असायच्या, म्हणजे आधीच अरुंद रस्ता आणखी अर्धा. सेकंडहँड लॅपटॉप घेताना हे नक्की विचारा.

डब्बा घेताना दोन गोष्टी बघायच्या, आत पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि कार्ड मावतं का. रेझर कोअर एक्समध्ये ६५० वॅटचा सप्लाय आहे आणि लॅपटॉपला १०० वॅटपर्यंत चार्जिंगही मिळतं, म्हणजे टेबलावर एक वायर कमी. कार्डाची लांबी-जाडी कागदावर लिहून न्या, तीन स्लॉटची कार्डं सगळ्या डब्यांत बसत नाहीत.

कार्ड निवडताना गेमिंगचे व्हिडिओ बघून निवडू नका, ग्रेडिंगला व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आधी आणि वेग नंतर. का ते सांगते. रिझॉल्व्ह आतमध्ये ३२-बिट फ्लोटमध्ये हिशोब करतो. अल्फा धरून चार चॅनल घेतले तर ४के ची एक फ्रेम १३३ एमबीची होते. टेम्पोरल नॉइज रिडक्शनला दोन्ही बाजूच्या दोन-दोन फ्रेम दिल्या तर एका वेळी पाच, म्हणजे ६६० एमबी नुसत्या फ्रेमच, त्यावर मोशनचा हिशोब वेगळा, बाकीचे नोड वेगळे, स्क्रीनचा इंटरफेस वेगळा. ४ जीबीचं कार्ड का झोपतं ते यावरून कळेल. ४के साठी ८ जीबी म्हणजे काठावर पास, १२ असेल तर निवांत. म्हणून १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० हे माझं अजूनही आवडतं कार्ड आहे, १७० वॅटमध्ये काम भागतं, आणि वायर एवढी अरुंद असताना त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग कार्ड लावून त्या प्रमाणात वेग मिळत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेणार असाल तर कार्ड क्रिप्टो मायनिंगमधून आलंय का विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हा कार्डांचा बाजारात पूर आला. अशी सगळीच कार्डं वाईट नसतात, पण पंखे खरखरतात का ऐका आणि दुकानातच अर्धा तास लोडवर चालवून तापमान बघा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

वायरही साधी गोष्ट नाही. थंडरबोल्ट ३ ची पॅसिव्ह वायर अर्ध्या मीटरपर्यंतच पूर्ण ४० देते, त्यापेक्षा लांब असेल तर वेग २० वर येतो. थंडरबोल्ट ४ ची प्रमाणित वायर घेतलीत तर ०.८ मीटरपर्यंत पॅसिव्ह चालते आणि २ मीटरची ॲक्टिव्ह मिळते. डब्बा टेबलाखाली लपवायच्या नादात स्वस्तातली दोन मीटरची वायर लावू नका.

आणि यूपीएस. यावर कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्याकडे लाइट कधीही जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो चालूच राहतो, पण डब्ब्याला बॅटरी नाही, तो क्षणात मरतो आणि विंडोजच्या दृष्टीने चालू कामातून ग्राफिक्स कार्ड कुणीतरी उपटून काढलेलं असतं. रिझॉल्व्ह जागेवर बसतो, कधीकधी सगळं मशीनच. पावसाळ्यात एका संध्याकाळी माझं हे तीनदा झालं, क्लायंट बाजूला बसलेला होता. घरच्या इन्व्हर्टरला बदली होताना जो झटका बसतो तेवढाही डब्ब्याला पुरतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, १७० वॅटच्या कार्डाला तेवढा पुरे, काम सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो. ३५० वॅटचं कार्ड लावणार असाल तर यूपीएसही त्या मापाचा घ्या. शिवाय रिझॉल्व्हच्या युजर प्रेफरन्सेसमध्ये लाइव्ह सेव्ह चालू आहे ना ते आत्ताच जाऊन बघा.

जोडणी

डब्ब्याची मेन वायर काढून ठेवा. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबा, टोकाची खिट्टी टक् असा आवाज करून बसते, तो आवाज आला नाही तर कार्ड बसलेलं नाही. मागचा स्क्रू लावा, आडव्या-उभ्या हलवाहलवीत कार्ड सैल होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हाच न लावलेला स्क्रू असतो. मग पॉवरच्या वायरी, कार्डाला जितके सॉकेट आहेत तितके सगळे भरायचे.

लॅपटॉपचं बायोस आणि थंडरबोल्टचं फर्मवेअर आधी अपडेट करून घ्या. आता क्रम पाळा: डब्बा चालू, मग वायर, मग थंडरबोल्ट कंट्रोल सेंटरमध्ये परवानगी विचारेल तिथे कायम कनेक्ट करा. त्यानंतर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, गेम रेडी नको, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या आणि क्लीन इन्स्टॉलवर टिक करा. आधी एएमडीचं कार्ड वापरलेलं असेल तर डीडीयू नावाच्या टूलने जुना ड्रायव्हर पुसून मगच. रीस्टार्ट. शेवटी विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये पीसीआय एक्सप्रेस लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा, नाहीतर लिंक मध्येच डुलकी घेते.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं टूल उघडा, बस इंटरफेसच्या शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून लोड द्या आणि तिथे एक्स४ ३.० दिसतंय का बघा. थंडरबोल्ट ३ किंवा ४ वर हेच बरोबर आहे. एक्स२ किंवा एक्स१ दिसलं तर आधी वायर बदलून बघा, मग दुसरं पोर्ट.

मॉनिटर कुठे लावायचा हा प्रश्न प्रत्येक जण चुकवतो. मॉनिटर डब्ब्यातल्या कार्डाला लावायचा, लॅपटॉपला नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनवर काम केलंत तर ग्रेड झालेली प्रत्येक फ्रेम त्याच अरुंद वायरवरून परत यावी लागते. मॉनिटर कार्डाला लावून विंडोजमध्ये तोच मुख्य डिस्प्ले करा. रंगासाठी वेगळा रेफरन्स मॉनिटर अल्ट्रास्टुडिओ वगैरे व्हिडिओ आउटपुटच्या डब्यावरून देत असाल तर तो दुसऱ्या पोर्टवर लावा, आणि एकाच थंडरबोल्ट कंट्रोलरवर फुटेजची एसएसडी, डॉक आणि ईजीपीयू अशी मोट बांधू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डाव्या बाजूची दोन्ही पोर्ट एकाच कंट्रोलरवर असतात, माहीत करून घ्या. फुटेज शक्यतो लॅपटॉपच्या आतल्या एनव्हीएमई एसएसडीवर.

रिझॉल्व्हच्या आत

प्रेफरन्सेस, सिस्टिम, मेमरी अँड जीपीयू. जीपीयू प्रोसेसिंग मोडवरचं ऑटो काढा आणि कुडा (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा मोड) निवडा. खाली जीपीयू सिलेक्शनवरचं ऑटोही काढा आणि फक्त बाहेरच्या कार्डावर टिक ठेवा. आतलंही कार्ड मदतीला असू दे असं वाटतं, पण दोन कार्डांची मेमरी एकत्र मोजली जात नाही, जे लहान असेल त्याची मर्यादा सगळ्यांना लागते. म्हणजे १२ जीबीचं कार्ड लावून आतलं ४ जीबीचं चालू ठेवलं तर परत मेमरी फुल. फ्री व्हर्जन तसंही एकच कार्ड वापरतं. सेव्ह करा, रिझॉल्व्ह बंद करून परत उघडा.

फ्रीवरून आठवलं, नॉइज रिडक्शन फक्त स्टुडिओ व्हर्जनमध्ये आहे. २९५ डॉलरचं एकदाच घ्यायचं लायसन्स. माझं मत विचाराल तर हातात पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी स्टुडिओ घ्या आणि कार्ड नंतर.

डीकोड ऑप्शनमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ साठी कोणतं हार्डवेअर वापरायचं ते येतं. ४:२:० (रंगाची माहिती कमी ठेवणारं) फुटेज असेल तर एनव्हिडिया चालू ठेवा, कारण मग वायरवरून कॉम्प्रेस केलेला इवलासा डेटा जातो आणि फ्रेम पलीकडे कार्डातच उलगडते. घाटातून ट्रक न्यायचाच आहे तर घडी घातलेला न्यावा. ४:२:२ असेल आणि कार्ड ५० सिरीजच्या आधीचं असेल तर इंटेल क्विक सिंक चालू करा. ब्लॅकमॅजिक रॉ हा फुटेजचा फॉरमॅट वापरत असाल तर त्याचं जीपीयू डीकोडही तिथेच आहे. म्हणूनच ईजीपीयूवर सगळं फुटेज डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये करून घ्या हा सरसकट सल्ला मला पटत नाही, ते प्रोसेसरवर डीकोड होतं आणि पूर्ण उलगडलेली फ्रेम वायरवर येते. प्रोसेसर खरंच थकत असेल तरच करा.

नोडची मांडणी अशी ठेवा. पहिल्याच नोडवर नॉइज रिडक्शन, टेम्पोरल दोन फ्रेमपासून सुरू, मोशन एस्टिमेशन आधी फास्टर. रिझॉल्व्ह १९ पासून अल्ट्रा एनआर हा नॉइज रिडक्शनचा नवा प्रकार आलाय ते छान आहे पण जड आहे, जिथे गरज आहे त्याच शॉटला. मग त्या नोडवर राइट क्लिक करून नोड कॅश ऑन, आणि प्लेबॅकमध्ये रेंडर कॅश युजरवर. आता टाइमलाइनवर एकदा निळी रेघ आली, म्हणजे कॅश तयार झाली, की पुढच्या नोडमध्ये कितीही खेळा, नॉइज रिडक्शन परत मोजलं जात नाही. तेच नॉइज रिडक्शन शेवटच्या नोडवर ठेवलं तर आधीच्या नोडमध्ये केसभर काही हललं की सगळं परत पहिल्यापासून. जेजुरीच्या फुटेजला मी पहिला नोड कॅश केला, दुसऱ्यात एस-लॉग३ चं कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (फिके रंग नेहमीच्या रंगांत आणणं), तिसऱ्यात चेहऱ्याची की, चौथ्यात भंडारा. मुंग्या गेल्यामुळे कीची कड स्वच्छ आली आणि ब्लर फारसा द्यावा लागला नाही, धुरळ्यातून बाहेर येणारा एका म्हाताऱ्या आजोबांचा चेहरा तांबूस राहिला आणि कपाळावरचा भंडारा हळदीसारखा पिवळा. त्या शॉटसाठी एवढी यातायात होती.

ग्रेड करताना टाइमलाइन १०८० वर ठेवून शेवटी रेंडरच्या वेळी ४के केलं तरी चालतं, फक्त नॉइज रिडक्शन आणि ग्रेन दोन्ही रिझोल्यूशनला सारखं दिसत नाही, तेवढे शॉट ४के वर जाऊन डोळ्यांनी तपासा.

सगळं लागलं की एक मिनिटाचा जड तुकडा आधी आतल्या कार्डावर आणि मग बाहेरच्या कार्डावर रेंडर करा, दोन्ही वेळा कॅश पुसून, आणि वेळ वहीत लिहून ठेवा. पुढे कधी हळू वाटलं तर तुलनेला आकडा हाताशी असतो.

अडलं तर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १२ आला तर मशीनकडे कार्डाला द्यायला जागा उरलेली नाही असा अर्थ, लॅपटॉपमधलं वेगळं ग्राफिक्स कार्ड डिसेबल करून रीस्टार्ट करा, बहुतेक वेळा सुटतं. कोड ४३ ला डीडीयू मारून ड्रायव्हर नव्याने. रेंडर चालू असताना मध्येच कार्ड गायब होत असेल तर संशय आधी वायरवर, मग तापमानावर. मे महिन्यात विदर्भात खोलीच ४० च्या वर असते, डब्बा भिंतीला चिकटवून किंवा कपाटात ठेवलात तर आतलं कार्ड वेग कमी करणारच. चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा आणि जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा.

शूटला लॅपटॉप न्यायचा असेल तर वायर तशीच उपटू नका. रिझॉल्व्ह बंद करा, टास्कबारवरून ईजीपीयू सेफली रिमूव्ह करा, नाहीच निघालं तर सरळ शटडाऊन करून मग वायर काढा. लोकेशनवर रिझॉल्व्ह उघडलात की तो आतल्या कार्डावर सुरू होईल, मेमरी अँड जीपीयूमध्ये जाऊन टिक परत तपासा, आणि घरी आल्यावर पुन्हा डब्ब्यातल्या कार्डावर द्या.